सही केलीत, आता अधिकारही द्या : ऑस्ट्रेलिया सरकारला एका मराठी नर्सचं खुलं पत्र

प्रति,
मा. पंतप्रधान अँथनी अल्बनीझी,
मा. मालार्नदिरी मॅकार्थी, मूळनिवासी ऑस्ट्रेलियन खात्याच्या मंत्री,
आणि 'क्लोजिंग द गॅप' करारावर सही केलेली सगळी राज्य आणि टेरिटरी सरकारं

सप्रेम नमस्कार,

मी नॉर्दर्न टेरिटरीत नर्स आहे. अकरा वर्षं झाली, त्यातली चार वर्षं मूळनिवासींच्या आतल्या वस्त्यांमधल्या क्लिनिकांमध्ये फिरतीवर काढली आणि आता डायलिसिसला आहे. माहेर माझं अमरावती जिल्ह्यातलं, मेळघाटच्या पायथ्याचं. लहानपणी कोरकू बाया वाळलेलं पोर कडेवर घेऊन डोंगरातून चालत खाली यायच्या आणि दिवस दिवस दवाखान्याच्या ओट्यावर बसून राहायच्या, ते बघतच मोठी झाले. नर्सिंगला तू त्यामुळेच गेलीस असं आई अजून म्हणते. म्हणून इथे आल्यावर पहिल्यांदा एका वस्तीत गेले आणि क्लिनिकबाहेर सावलीत बसलेल्या आज्या आणि त्यांच्या मांडीवरची नातवंडं पाहिली तेव्हा मला परकं वाटलंच नाही, उलट पोटात गोळा आला, की इतक्या श्रीमंत देशातसुद्धा हेच?

हे पत्र मी तुमच्या ऑफिसला इंग्रजीत पाठवतेच आहे. मराठीत यासाठी लिहितेय की या देशात आता आपली माणसं भरपूर झालीत, सिडनी मेलबर्नला गणपती थाटात बसतो, कितीतरी जण नागरिक झालेत आणि इथे मत देणं सक्तीचं आहे म्हणजे मतदारही झालेत. ज्या जमिनीवर आपण घर घेतलं, बॅकयार्डात कढीपत्ता लावला, त्या जमिनीची मूळ माणसं कशी जगतात हे त्यांना आपल्या भाषेत कुणी नीट सांगितलेलं मला तरी दिसलं नाही. तेव्हा पत्र तुम्हाला आहे, पण वाचावं सगळ्यांनी.

निमित्त काय झालं ते सांगते. जुलै २०२५ मध्ये तुमच्याच प्रॉडक्टिव्हिटी कमिशनने, म्हणजे या कामाचा आढावा घेणाऱ्या संस्थेने, क्लोजिंग द गॅपचे, म्हणजे मूळनिवासी आणि बाकीच्यांमधली दरी बुजवायच्या कराराचे, ताजे आकडे काढले. १९ टार्गेटं आहेत, त्यातली फक्त ४ वेळेत पूर्ण होण्याच्या मार्गावर आहेत. आणि ४ चक्क उलटी चाललीत: तुरुंगातल्या मोठ्या माणसांचं प्रमाण, आईबापांपासून काढून सरकारी देखरेखीत ठेवलेली मुलं, आत्महत्या, आणि शाळेत पाऊल ठेवताना मुलांची वाढ वयाप्रमाणे झालीय का ते. बाकीच्यांत कुठे थोडी सुधारणा आहे पण ती २०३१ च्या मुदतीत बसणारी नाही, तर कुठे सांगण्यासारखा डेटाच नाही. त्या दिवशी मी नाईट करून घरी आले होते, चहा ठेवला आणि फोनवर बातमी वाचली, चहा उतू गेला तरी उठले नाही. कारण उलटी चाललेली ती चार टार्गेटं म्हणजे माझ्या ओळखीची माणसं आहेत हो. त्यांचे चेहरे मला माहीत आहेत.

मराठी वाचकांसाठी थोडं मागचं सांगते. २००५ मध्ये मूळनिवासींसाठीचे सामाजिक न्याय आयुक्त टॉम काल्मा यांनी आपल्या सामाजिक न्यायाच्या अहवालात मागणी केली की मूळनिवासी आणि बाकीच्यांच्या आरोग्यातली दरी एका पिढीत, म्हणजे २५ वर्षांत बुजवा. १३ फेब्रुवारी २००८ ला पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत उभं राहून 'स्टोलन जनरेशन्स'ची, म्हणजे सरकारने आयांच्या हातून ओढून नेलेल्या मुलांची, माफी मागितली, आणि क्लोजिंग द गॅप सुरू झालं. बारा वर्षं ते सरकारी पद्धतीने चाललं, टार्गेटं कॅनबेरात ठरायची आणि हुकायचीही. मग जुलै २०२० मध्ये नवा राष्ट्रीय करार झाला आणि पहिल्यांदाच मूळनिवासी संस्थांची आघाडी, कोएलिशन ऑफ पीक्स, बरोबरीची भागीदार म्हणून सही करायला बसली. पॅट टर्नर त्या आघाडीच्या प्रमुख होत्या. त्या करारात टार्गेटांच्याही आधी चार मोठे बदल कबूल केलेत तुम्ही: निर्णय एकत्र घ्यायचे, समाजाने स्वतः चालवलेल्या संस्था मजबूत करायच्या, सरकारी खात्यांनी स्वतःची वागणूक बदलायची, आणि स्थानिक डेटा त्या लोकांच्या हाती द्यायचा. सही तेव्हाच्या सरकारांनी केली, पण करार काही निवडणुकीबरोबर संपत नाही, त्यामुळे ती सही आज तुमची आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते मी पुन्हा पुन्हा म्हणणार आहे. नवी योजना नको, नवा नारा नको, नवी कमिटी तर नकोच. जे लिहून दिलंय ते द्या. अधिकार द्या आणि अधिकाराबरोबर पैसा द्या.

आता एक एक करून सांगते.

पहिलं गाऱ्हाणं घराचं. एक मुलगी आहे, तिचं नाव गाव सांगणार नाही आणि वयही बदललंय. आठ नऊ वर्षांची समजा. गुडघा सुजला, दोन दिवसांनी तो उतरला आणि घोटा सुजला, ताप. हा ऱ्हुमॅटिक फीव्हर. घशात किंवा खरजेच्या फोडांत स्ट्रेप नावाचे जंतू शिरतात, शरीर त्यांच्याशी लढता लढता स्वतःच्याच हृदयावर उलटतं आणि झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, खराब होतात. गोऱ्या ऑस्ट्रेलियात हा आजार जवळपास दिसत नाही, तरुण डॉक्टर इथे येतात तेव्हा त्यांनी तो पुस्तकातच वाचलेला असतो, आणि आमच्या वस्त्यांमध्ये त्याचं प्रमाण जगात सगळ्यात जास्त असलेल्या ठिकाणांत मोजलं जातं. उपाय काय तर दर २८ दिवसांनी, काहींना तर २१ दिवसांनीच, पेनिसिलिनचं जाडं इंजेक्शन, वर्षानुवर्षं. ते दुखतं. खूप दुखतं. मोठा माणूस कळवळतो. ती पोरगी माझा हात घट्ट धरायची, डोळे मिटायची, रडायची नाही, आणि मी सुई काढल्यावर विचारायची, अजून किती? मी काय सांगू तिला, की अजून कमीत कमी दहा वर्षं?

आणि इंजेक्शन घेऊन ती जायची कुठे, तर तीन खोल्यांच्या घरात जिथे चौदा माणसं झोपतात, शॉवर एकच आणि तो सात महिने बंद. तक्रार केलेली होती, मी स्वतः फोन केलेला आहे. प्लंबर शहरातून येणार, तीनशे किलोमीटर, एका नळासाठी येत नाहीत, पाच दहा कामं साठली की येतात. तोवर पोरांनी अंघोळ कुठे करायची? कपडे कुठे धुवायचे? खरूज जाणार कशी? म्हणजे बघा, मी हृदय वाचवायला सुई टोचत होते आणि ते हृदय बिघडत होतं एका वॉशरसाठी.

लोक म्हणतात, अगदी माझे मराठी मित्रसुद्धा म्हणतात, की अगं सरकार घरं देतं आणि हे लोक मोडून टाकतात. हे खोटं आहे आणि ते खोटं असल्याचं मोजलेलं आहे. १९८७ मध्ये पिट्जन्ट्जट्जारा लोकांच्या भागात न्गनम्पा हेल्थ या त्यांच्याच संस्थेने एक काम केलं, एक डॉक्टर, एक आर्किटेक्ट आणि तिथली जाणती माणसं एकत्र बसली आणि त्यांनी साधी यादी केली: पोरांना अंघोळ घालता येते का, कपडे धुता येतात का, सांडपाणी वाहून जातं का, स्वयंपाक करता येतो का. त्यातूनच पुढे 'हाऊसिंग फॉर हेल्थ' उभं राहिलं, घरोघर जाऊन तपासायचं आणि तपासता तपासताच दुरुस्त करायचं. हजारो घरांच्या तपासणीतून निघालं की बिघडलेल्या गोष्टींपैकी राहणाऱ्यांच्या हातून मोडलेल्या १० टक्क्यांपेक्षाही कमी, बाकी सगळं एकतर देखभालच झाली नाही म्हणून नाहीतर मुळात बांधलंच वाईट म्हणून. न्यू साऊथ वेल्सने हेच दहा वर्षं चालवलं आणि ज्या घरांमध्ये काम झालं तिथल्या लोकांचं संसर्गाच्या आजारांसाठी हॉस्पिटलात भरती होणं ४० टक्क्यांनी कमी निघालं. नळ, गीझर, मोरी आणि स्विचबोर्ड एवढ्यावर ४० टक्के! कुठलं औषध एवढं काम करतं सांगा मला.

२०२४ मध्ये तुम्ही टेरिटरीच्या वस्त्यांमधल्या घरांसाठी दहा वर्षांचा ४ अब्ज डॉलरचा करार केला, वर्षाला २७० पर्यंत घरं, लँड कौन्सिलांना, म्हणजे मूळनिवासींच्या जमिनीचं बघणाऱ्या संस्थांना, सोबत घेऊन. त्याबद्दल मी मनापासून आभार मानते, ते गरजेचंच होतं. पण नवं घर बांधलं की फोटो निघतो आणि जुन्या घराचा नळ बसवला की निघत नाही, म्हणून देखभाल मागे पडते. वस्तीतल्याच चार पोरांना प्लंबिंग आणि वायरिंगचं शिक्षण द्या, पगारी कामावर ठेवा, सामान तिथेच स्टोअरमध्ये ठेवा. किती खर्च येईल? हृदयाच्या एका ऑपरेशनला पोराला विमानाने मेलबर्नला नेऊन आणण्याच्या खर्चाशी तरी ताडून बघा.

घराच्याच पोटातलं अजून एक, वीज. टेरिटरीतल्या बऱ्याच वस्त्यांमध्ये प्रीपेड मीटर आहेत, पैसे संपले की लाईट गेली, नोटीस नाही काही नाही. २८ वस्त्यांमधल्या २०१८-१९ च्या नोंदींचा अभ्यास झालाय, ९१ टक्के घरांची वीज वर्षात निदान एकदा गेली आणि ७४ टक्के घरांची दहापेक्षा जास्त वेळा. बाहेर ४४ डिग्री, फ्रीजमध्ये इन्सुलिन. मी डायबिटीसच्या पेशंटला इन्सुलिन थंड ठेवा सांगायचे तेव्हा ते मान डोलवायचे, आणि मला नंतर कळलं की ती मान मला बरं वाटावं म्हणून होती.

दुसरं गाऱ्हाणं भाषेचं. हे थोडक्यात सांगते कारण यात समजावण्यासारखं काही नाही. मध्य ऑस्ट्रेलियातल्या आजीसाठी वार्लपिरी, लुरित्जा, अरेर्न्टे, पिट्जन्ट्जट्जारा अशा भाषा आधी येतात, इंग्रजी तिसरी नाहीतर चौथी. एका मोठ्या हॉस्पिटलात, नाव लिहीत नाही, अशाच एका आजीला इंग्रजीत दहा मिनिटं ऑपरेशन समजावलं, दुभाष्याची वाट बघायला वेळ नव्हता, ती 'येस, येस' म्हणत राहिली आणि रात्री उठून निघून गेली. फाईलमध्ये लिहिलं गेलं, पेशंटने उपचार नाकारले. तिने काही नाकारलं नव्हतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं. माझी स्वतःची आई इथे आली होती तेव्हा तिला छातीत दुखलं तर मी शेजारी उभी राहून मराठीत प्रत्येक शब्द सांगितला, म्हणून ती शांत पडून राहिली. त्या आजीला तिच्याच देशात ते मिळालं नाही.

आता तिसरं, आणि हे गाऱ्हाणंही आहे आणि रस्ताही आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

किडनी गेली की आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार पाच तास, जन्मभर. मशीन शहरात. म्हणजे पाचशे किलोमीटरवरच्या माणसाला एके दिवशी सांगायचं की गाव सोड, घर सोड, नातवंडं सोड, जमीन सोड, आणि परत जाऊ नको, गेलास तर मरशील. किन्टोर म्हणून वस्ती आहे, ॲलिस स्प्रिंग्सपासून पश्चिमेला, वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या सीमेजवळ, तिथल्या पिन्तुपी लोकांची म्हातारी माणसं अशी शहरात येऊन झुरायची. त्यांनी सरकारकडे मशीन मागितलं, सरकारने नाही म्हटलं. मग त्यांनी काय केलं, त्यांच्यात मोठमोठे चित्रकार आहेत, त्यांनी आणि किवीरकुरा वस्तीतल्या त्यांच्या भाऊबंदांनी मिळून मोठी चित्रं काढली, नोव्हेंबर २००० मध्ये सिडनीच्या आर्ट गॅलरीत लिलाव झाला आणि १० लाख डॉलरच्या वर पैसे उभे राहिले. २००४ मध्ये किन्टोरमध्ये पहिलं डायलिसिस झालं. ती संस्था म्हणजे पर्पल हाऊस. तिच्या बोर्डावर तिचीच माणसं आहेत, ठरवतात तेच. आज टेरिटरी, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया आणि साऊथ ऑस्ट्रेलियात मिळून २० च्या आसपास वस्त्यांमध्ये त्यांची मशीनं आहेत, आणि एक जांभळा ट्रक आहे ज्यात डायलिसिसच्या खुर्च्या आहेत, तो गावोगाव जातो म्हणजे माणसं अंत्यविधीला, समारंभाला आपल्या गावी जाऊ शकतात.

मी हे वाचून लिहीत नाहीये, आपल्या जमिनीवर डायलिसिस घेणारी माणसं मी पाहिली आहेत. शहरातल्या युनिटमध्ये पेशंट भिंतीकडे तोंड करून पडतो, सेशन चुकवतो, मग आम्ही फाईलमध्ये लिहितो की ऐकत नाही. तोच माणूस गावातल्या खुर्चीत बसलाय, बाहेर कुत्री भुंकतायत, नात मांडीशी खेळतेय, कुणीतरी चुलीवर कांगारूचं शेपूट भाजतंय, आणि तो नातीला बोट करून सांगतोय की त्या टेकडीची गोष्ट काय आहे. माणूस तोच, मशीन तेच. बदललं काय, तर निर्णय कुणाचा ते बदललं.

मेडिकेअरमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्य विम्यात, दुर्गम भागातल्या डायलिसिससाठी रीतसर पैसे द्यायची सोय कधी झाली, तर नोव्हेंबर २०१८. लोकांनी चित्रं विकून रस्ता दाखवला २००० साली, सरकार त्या रस्त्यावर आलं अठरा वर्षांनी. त्या अठरा वर्षांत शहरात झुरून गेलेल्या माणसांचा हिशोब कुठल्याच रिपोर्टमध्ये नाही.

आणि हे एकटंदुकटं उदाहरण नाही. १९७१ मध्ये सिडनीच्या रेडफर्नमध्ये अ‍ॅबोरिजिनल (म्हणजे मूळनिवासी) लोकांनी स्वतःचा पहिला दवाखाना काढला, आज देशभर असे दवाखाने आहेत. आमच्याकडे महाराष्ट्रातही हे घडलंय, गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं, घरी जाऊन नवजात बाळ तपासायला, न्यूमोनिया ओळखायला, आणि बाळांचे मृत्यू भराभर खाली आले, पुढे देशाच्या आशा कार्यक्रमाने ती पद्धत उचलली. जिथे जिथे माणसांवर विश्वास टाकला तिथे काम झालं. मग २०२४ च्या फेब्रुवारीत प्रॉडक्टिव्हिटी कमिशनला आपल्या आढाव्यात का लिहावं लागलं की सरकारांनी अधिकार वाटून दिलेच नाहीत आणि बहुतेक ठिकाणी जुनंच काम नव्या नावाने चाललंय? चार वर्षं काय केलं मग? या संस्थांना अजून वर्षा दोन वर्षांच्या ग्रँटवर ठेवलं जातं, मार्च आला की माझ्या ओळखीच्या चांगल्या चांगल्या हेल्थ वर्कर दुसरी नोकरी बघायला लागतात कारण जूननंतर पगार आहे की नाही ते माहीत नसतं. अशा बाईला वस्तीतली प्रत्येक गरोदर पोर माहीत असते, ती गेली की तिच्याबरोबर ते सगळं जातं, आणि तिच्या जागी सहा आठवड्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर माझ्यासारखी कुणीतरी बाहेरून येते.

चौथं गाऱ्हाणं तुरुंगाचं, आणि यावर लिहिताना मला त्रास होतो. नॉर्दर्न टेरिटरीत अ‍ॅबोरिजिनल माणसं लोकसंख्येच्या साधारण ३० टक्के, आणि तुरुंगात जवळजवळ दहातली नऊ. १९९१ मध्ये रॉयल कमिशनने, म्हणजे सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने, ९९ कोठडी मृत्यूंची चौकशी करून ३३९ शिफारशी दिल्या होत्या, त्यांचा गाभा हाच होता की तुरुंग हा शेवटचा पर्याय असावा. तेव्हा देशातल्या कैद्यांमध्ये मूळनिवासी १४ टक्के होते. आज एक तृतीयांशाच्या वर आहेत आणि त्या रिपोर्टनंतर ५०० हून जास्त माणसं कोठडीत मेली आहेत. आणि अशा वेळी टेरिटरी सरकारने काय केलं, तर गुन्ह्यासाठी जबाबदार धरायचं वय २०२३ मध्ये १० वरून १२ केलं होतं ते ऑक्टोबर २०२४ मध्ये परत १० केलं. दहा वर्षांचं पोर! चौथी पाचवीतलं! संयुक्त राष्ट्रांची बालहक्क समिती सांगते की निदान १४ ठेवा. मी अशी मुलं क्लिनिकमध्ये तपासली आहेत, कान वाहून वाहून पडदा फाटलेला, अर्धं ऐकूच येत नाही, शाळेत मास्तर काय म्हणतात कळत नाही म्हणून शाळा सुटलेली. पोलिसांनी हाक मारली तर हे पोर थांबणार कसं? त्याच्या कानावर वेळेत उपचार झाला नाही आणि आता त्याच्यासाठी कोठडीतली खाट तयार आहे.

गुन्हे होत नाहीत असं मी म्हणत नाही. माझीही गाडी फोडलीय, रात्री शिफ्टला जाताना मलाही भीती वाटलीय, दुकानदारांचं नुकसान खरं आहे आणि मार खाल्लेल्या अ‍ॅबोरिजिनल बायांना मीच टाके घालत आलेय. त्यांना सुरक्षा हवीच. पण दहा वर्षांच्या पोराला आत टाकून ती मिळाली असती तर इतक्या वर्षांत मिळाली असती.

आणि पंतप्रधान साहेब, हा टेरिटरीचा प्रश्न आहे, आमच्या हातात नाही, असं कृपा करून सांगू नका. टेरिटरी हे पूर्ण राज्य नाही, घटनेच्या कलम १२२ प्रमाणे टेरिटरीसाठी कायदा करायचा अधिकार तुमच्या संसदेला आहे. १९९७ मध्ये टेरिटरीचा इच्छामरणाचा कायदा संसदेने निष्प्रभ केला. २००७ मध्ये 'इंटरव्हेन्शन', म्हणजे हस्तक्षेप, या नावाखाली इथे सैन्य पाठवलं आणि त्यासाठी वंशभेदविरोधी कायदासुद्धा बाजूला ठेवला. लोकांवर सक्ती करायला अधिकार होता, मग पोरांना वाचवायला का नाही?

आता माझ्या मराठी लोकांशी दोन शब्द. १४ ऑक्टोबर २०२३ ला 'व्हॉइस'साठी सार्वमत झालं, की मूळनिवासींची एक सल्ला देणारी संस्था घटनेत असावी का. नागरिक झाल्यावर माझं ते पहिलं सार्वमत. मी 'येस' लिहिलं. देशाने साधारण ६० टक्क्यांनी 'नो' म्हटलं, एकही राज्य बाजूने गेलं नाही. त्या दिवसांत आपल्या ग्रुपवर मी वाचत होते, कुणी लिहिलं की यांना आधीच सगळं फुकट मिळतं, कुणी लिहिलं की आपला काय संबंध. मी तेव्हा गप्प राहिले याचं मला वाईट वाटतं. आपला संबंध आहे. आपल्या गणेशोत्सवात, दिवाळीच्या कार्यक्रमात स्टेजवर सुरुवातीला आपण वाचतो ना, की आम्ही या भूमीच्या पारंपरिक राखणदारांना वंदन करतो, ते वाचून झाल्यावर त्या माणसांबद्दल पुढच्या तीन तासांत एक शब्द निघत नाही. या देशात मूळनिवासी पुरुषाचं आयुष्य बाकीच्यांपेक्षा ८.८ वर्षांनी कमी आहे आणि बाईचं ८.१ वर्षांनी. आपल्या घरातल्या आजीआजोबांची शेवटची आठ वर्षं काढून टाका आणि मग बघा काय काय उरत नाही: नातीचं लग्न, पणतूची मुंज, किती गोष्टी.

आणि सरकारला सांगते, सार्वमतात 'नो' आलं म्हणजे २०२० चा करार रद्द झाला नाही. लोकांनी त्यावर मत दिलेलंच नाही. पण तेव्हापासून या विषयावर सगळे पुढारी इतकं हळू बोलायला लागलेत की जणू तो करारही त्याच पेटीत हरला. क्वीन्सलँडने आपला ट्रीटीचा, म्हणजे राज्याने मूळनिवासींशी तह करण्याचा, कायदा गुंडाळला. उलट व्हिक्टोरियाने २०२५ मध्ये ट्रीटीचा कायदा पास करून दाखवला, म्हणजे सार्वमतानंतरही हे होतं, करायचं असलं तर.

माझ्या मागण्या:

एक. मूळनिवासींसाठीच्या पैशातला किती हिस्सा त्यांच्या स्वतःच्या संस्थांकडे जातो आणि किती सरकारी खात्यांकडे आणि बाहेरच्या मोठ्या एनजीओंकडे, हा आकडा दर वर्षी, प्रत्येक राज्याचा, जाहीर करा, आणि तो हिस्सा कधीपर्यंत किती वाढवणार ते तारखेनिशी सांगा. फंडिंग कमीत कमी पाच वर्षांचं द्या.

दोन. वस्त्यांमधल्या घरांच्या देखभालीसाठी वेगळं बजेट ठेवा जे नव्या घरांकडे वळवता येणार नाही, आणि ते काम गावातल्याच शिकवलेल्या माणसांना द्या. अति उन्हाळ्याच्या दिवसांत प्रीपेड मीटरची वीज तोडणं बंद करा, आणि घरात आजारी माणूस असेल तर बाराही महिने.

तीन. दुभाष्याशिवाय घेतलेली संमती ही संमती धरू नका. अ‍ॅबोरिजिनल हेल्थ प्रॅक्टिशनरच्या जागा वाढवा आणि त्यांना नर्सच्या तोडीचा पगार आणि राहायला घर द्या. बाहेरून आलेल्या मला घर मिळतं आणि गावातल्याच माझ्या सहकारणीला मिळत नाही, ती बारा जणांत झोपून सकाळी आठला माझ्या शेजारी ड्यूटीला उभी असते, हे मला बघवत नाही.

चार. गुन्ह्याच्या जबाबदारीचं वय देशभर १४ करा. टेरिटरी ऐकत नसेल तर कलम १२२ वापरा. आणि मुलांच्या कानांची तपासणी नि उपचार शाळेत जायच्या आधी पूर्ण होईल एवढी माणसं द्या.

पाच. टार्गेट हुकलं तर कोण जबाबदार, ते ठरवा. आत्ता कुणीच नाही. प्रत्येक खात्याच्या प्रमुखाच्या कामाच्या मूल्यमापनात हे घाला, आणि निकाल बघणारी यंत्रणा सरकारबाहेरची असू द्या.

मॅकार्थी मॅडम, तुम्ही स्वतः बोरोलुलाच्या यान्युवा आहात, यातलं बरंचसं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, मी काही शिकवायला निघालेली नाही. बाहेरून आलेली बाई आहे मी, या भूमीने मला नोकरी दिली, घर दिलं, माझी पोरं इथे वाढली. ज्यांची ही भूमी आहे त्यांचं माझ्यावर देणं आहे असं मी मानते आणि म्हणून हे पत्र.

ती मुलगी अजून येते इंजेक्शनला, माझी जुनी सहकारीण कळवत असते. शॉवर दुरुस्त झाला, मध्ये परत बिघडला, आता पुन्हा तक्रार नोंदवलीय. या वेळी तुमच्या ऑफिसने तो नंबर मागवून घ्यावा, मी द्यायला तयार आहे.

उत्तराची वाट बघते.

आपली,
एक नोंदणीकृत नर्स आणि ऑस्ट्रेलियाची नागरिक,
नॉर्दर्न टेरिटरी